पावसाळ्यात घरी न आलेला ड्रायव्हर

मोठे गुन्हे आठवायला मला आता थोडा वेळ लागतो. साल कोणतं, ठाणं कोणतं, सोबत हवालदार कोण, असं एकेक जुळवावं लागतं. एक निनावी अर्ज मात्र न बोलावता आठवतो. त्या अर्जातून गुन्हा दाखल झाला नाही, कोणाला अटक झाली नाही, कोर्टात एक कागदही गेला नाही. चौकशी एकूण नऊ दिवस चालली. तरी त्या नऊ दिवसांत मला जे प्रश्न पडले ते पुढे खुनाच्या तपासातही पडले नाहीत.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. पलूसच्या बाजूच्या एका ठाण्याला मी उपनिरीक्षक होतो. नावं देत नाही, गावही सांगत नाही. ऑगस्ट महिना होता. टपालात वहीच्या पानावर लिहिलेला अर्ज आला. मजकूर सात ओळींचा. गावातला अमुक माणूस महाबळेश्वरला टॅक्सी चालवतो. दरसाल पावसाळ्यात घरी येतो. यंदा आलेला नाही. त्याच्या घरात मोटार रिवायंडिंगवाला मिस्त्री राहतो. बायको आणि मिस्त्री यांनी मिळून त्याचा काटा काढला आहे. मळ्यातली जुनी विहीर उपसावी.

निनावी अर्जातले बहुतेक द्वेषाचे असतात. पण या अर्जातली एक गोष्ट तपासता येण्यासारखी होती. महाबळेश्वर जून ते सप्टेंबर बंद असतं. पाऊस इतका, की लोक घरांच्या भिंती गवताच्या झडपांनी झाकून घेतात. हॉटेलं बंद, गिऱ्हाईक नाही. टॅक्सीवाले गाडी ताडपत्रीत गुंडाळतात आणि आपापल्या गावी उतरतात. मग हा माणूस उतरला का नाही?

आमचे हवालदार त्याच भागातले. त्यांना अर्ज दाखवला तर ते हसले.

"सायेब, त्या घराचं समद्या गावाला म्हाईत हाय. आठ म्हैनं मिस्त्री, चार म्हैनं मालक. मालक उतरला की मिस्त्री आपली वळकटी घिऊन दुकानात झोपाया जातो."

"आणि भांडणं?"

"एक न्हाई. तेच तर गावाला खुपतंय."

दुसऱ्या दिवशी मी गावात गेलो. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नाही हा नियम, म्हणून सोबत महिला शिपाई घेऊन तिच्याच अंगणात बसलो. घर साधं, दोन खणांचं, नीट सारवलेलं. मूलबाळ नव्हतं. बाई पस्तिशीची असेल. चवळीच्या शेंगा निवडत होती, आम्ही आल्यावरही तिचा हात थांबला नाही.

"तुमचे मालक कुठे आहेत?"

"वर हायती. म्हाबळेसरला."

"पावसात? तिथे तर सगळं बंद आहे."

"व्हय, यंदा उतरलं न्हाईत. निरोप आला व्हता मिस्त्रीकडं, काम हाय म्हणून."

"काय काम?"

"ते मी इचारत न्हाई."

मी म्हणालो, "बाई, लोक म्हणतात तुम्ही दोघांनी मिळून त्यांना मारलं."

शेंग हातातच राहिली. माझ्या चेहऱ्याकडे तिने बराच वेळ पाहिलं. घाबरलेला माणूस बडबडतो किंवा रडतो, असा माझा तोवरचा अनुभव. ती म्हणाली, "आन् तुमास्नी काय वाटतं?"

मी मिस्त्रीचं विचारलं. तिने लपवलं नाही. तीन वर्षांपूर्वी नवऱ्यानेच येऊन सांगितलं होतं की वर आपली एक बाई आहे, स्ट्रॉबेरीच्या मळ्यात कामाला जाते. ही दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मग मलाही एक माणूस आवडतो, तुमचाच दोस्त आहे, काय करायचं ते सांगा. नवरा तीन दिवस बोलला नाही. चौथ्या दिवशी मिस्त्रीलाच घरी घेऊन आला, आणि तिघांनी बसून ठरवलं.

"काय ठरवलं?"

तिने बोटं मोजली. "खोटं बोलायचं न्हाई. गावात तमाशा करायचा न्हाई. पावसाळ्यात मालक घरी. आन् वरच्या बाईच्या दारात कुणी जायाचं न्हाई, तिनं हितं यायचं न्हाई."

"म्हणजे त्या बाईचा पत्ताही नाही तुमच्याकडे?"

"जायाचंच न्हाई तर पत्ता कशाला घिऊ?"

महिला शिपाई परत येताना जीपमध्ये म्हणाली, "सर, बाई खोटं बोलत नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "पण असं कसं राहतात हो माणसं?" मलाही तेच कुतूहल होतं, फक्त मी बोलून दाखवलं नाही.

ठाण्यात येऊन मी कलम ४९७ उघडलं. व्यभिचाराचं कलम. तेव्हा ते लागू होतं, पुढे रद्द झालं. पाठ असलं तरी त्या दिवशी दोनदा वाचलं. नवऱ्याची संमती किंवा मूक मान्यता असेल तर गुन्हाच होत नव्हता. तक्रार करायची तर नवऱ्यानेच करायची. पण हाच नवरा वर दुसऱ्या बाईकडे जात होता, त्याबद्दल बायकोला त्या कलमाखाली तक्रार करता येत नव्हती. बायकोच्या संमतीचा शब्द त्या कलमात नव्हता. या तिघांनी अंगणात बसून जे ठरवलं त्यात निदान बायकोलाही विचारलं गेलं होतं. कायद्यापेक्षा हे लोक एका माणसाने पुढे आहेत, असं मला वाटलं आणि ते वाटल्याचं नवलही वाटलं.

पण नवरा जिवंत असेल तर संमती. मेला असेल तर खून. महाबळेश्वर ठाण्याला बिनतारी संदेश पाठवला. चोवीस तासांत उत्तर आलं: सदर टॅक्सी ताडपत्रीत बंद उभी आहे, ड्रायव्हर जूनच्या मध्यापासून स्टँडवर दिसलेला नाही, गावी गेला असावा.

म्हणजे माणूस वर नाही आणि खालीही नाही. माझं मत पुन्हा बदललं. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मी विहीर उपसायला किती अश्वशक्तीचा पंप लागेल याची चौकशी केली होती.

चौथ्या दिवशी ड्रायव्हरचा चुलतभाऊ चौदा माणसं घेऊन ठाण्यात आला. या दोघांची शेतं बांधाला बांध. बोलणं मात्र सगळं घराण्याच्या अब्रूचं.

"सायेब, आज इहीर उपसा."

"पंचांसमक्ष उपसायची असते. आधी चौकशी होऊ दे."

"परवापर्यंत बघतो. मग आमचं आमी उपसू. आन् त्या दोगांचं काय करायचं ते बी आमीच बघू."

मागून कोणीतरी म्हणालं, "गावाबाहीर काढाय दोन घटका लागत्यात." बाकीचे हसले नाहीत. ते मला जास्त वाईट वाटलं. हसणारा जमाव सहसा घरी जातो. मी गावात दोन शिपाई बसवले आणि ठाणे दैनंदिनीत तशी नोंद केली. आता दोनच दिवस हातात होते. माणूस सापडला नाही, तर त्या बाईला त्या घरात राहता येणार नव्हतं, कदाचित जिवंतही राहता आलं नसतं.

पाचव्या दिवशी सकाळी मिस्त्रीला बोलावलं. अडतीस वर्षांचा, अंगाने बारीक. जळालेल्या पंपांच्या मोटारी उघडून तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, हा त्याचा धंदा. बोटांवर वॉर्निशचे पिवळे डाग. ऊसपट्ट्यात असल्या माणसाची सगळ्यांना गरज पडते, म्हणून तोवर त्याला कोणी हात लावला नव्हता.

तीन तास तो एकच वाक्य बोलत होता. "सायेब, मानूस जित्ता हाय. पर ठिकाण मी सांगणार न्हाई."

हवालदार म्हणाले, "अरं गड्या, तुज्या गळ्याला फास लागतोय आन् तू ठिकाण लपवतोस? तुला येड लागलंय का?"

"सबूद दिलाय."

"कुणाला? मेलेल्याला?"

"जित्ता हाय म्हणतोय न्हवं."

मी पट्टा, काठी या वाटेने कधी गेलो नाही, असा दावा करत नाही. पण या माणसाला मारून उपयोग नाही हे दिसत होतं. त्याला स्वतःसाठी भीती नव्हती. मग भीती कोणासाठी होती? मी हवालदारांना चहा सांगायला पाठवलं आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"ठिकाण राहू दे. मला एवढंच सांग, तू सांगितलंस तर कोणाचं नुकसान होईल?"

तो बोटावरचा वॉर्निश नखाने खरवडत म्हणाला, "तिचं. वरच्या बाईचं."

"तिचं कसं?"

"तिला काय म्हाईत न्हाई, सायेब."

"काय माहीत नाही?"

"काईच न्हाई. ह्यानं तिला सांगिटलंय, माजी बायकू वारली. तीन वर्सांमागं देवळात हार बी घातलं."

मी टेबलावरचा पेन उचलला आणि परत ठेवला. "खाली तुझ्या बाईला हे ठाऊक आहे?"

"न्हाई. तिला वाटतं वरच्या बाईला समदं ठावं हाय. म्या सांगिटलं न्हाई. सांगिटलं असतं तर हिनं समदं मोडलं असतं."

म्हणजे ठरलेली पहिलीच अट दोघा पुरुषांनी मोडली होती, आणि ती पाळली जाते या विश्वासावर घरची बाई तीन वर्षं राहत होती; वरचीला तर अशी काही अट आहे हेच ठाऊक नव्हतं.

माणूस दिसला नाही तर गाव खालच्या बाईचं काय करील ते मी सांगितलं, तेव्हा शेवटी त्याने ठिकाण दिलं. वरच्या बाईला विषमज्वर झाला होता, म्हणून ड्रायव्हर स्टँडपासून लांबच्या वाडीत तिच्या घरी थांबला होता. पत्ता देताना मिस्त्रीने एक मागणी केली. "तुमी साध्या कापडात जावा. आन् तिच्यासमोर हितल्या बाईचं नाव काडू नगा. तेला बाजूला घिऊन बोला." मी हो म्हणालो.

सहाव्या दिवशी सकाळी सहाला निघालो. साताऱ्यावरून मेढ्याच्या बाजूने घाट चढलो. जीपच्या काचेपुढे वीस फुटांवरचं दिसत नव्हतं. वाडी सापडायला बारा वाजले. गवताच्या झडपांत पूर्ण झाकलेलं घर, फक्त दाराएवढी फट उघडी. पडवीत एक माणूस ओली लाकडं चुलीच्या धगीला सुकवायला लावत होता. त्याच्या घरून घेतलेला फोटो माझ्या खिशात होता. तोच.

सहा दिवसांचा ताण माझ्या अंगात होता. चौदा माणसांचे चेहरे डोळ्यांसमोर होते. मी दिलेला शब्द विसरलो. लिहायला लाज वाटते, पण जसं घडलं तसं लिहितो. मी पडवीत चढलो आणि म्हणालो, "अरे, तिकडे तुझी बायको तुझ्या खुनाच्या संशयात बसली आहे आणि तू इथे लाकडं सुकवतोस?"

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. दारात एक बाई उभी होती. तापाने उतरलेली, डोक्याला फडकं बांधलेलं. तिने मला विचारलं नाही. त्याला विचारलं.

"कुणाची बायको?"

त्याने हातातलं लाकूड खाली ठेवलं. तिने पुन्हा विचारलं, "आवं, कुणाची बायको?" मग ती भिंतीला धरून खाली बसली. एवढंच झालं. आरडाओरडा नाही. 

ड्रायव्हरला घेऊन मी त्याच दिवशी खाली आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गावच्या चावडीसमोर उभं केलं, पंचांसमक्ष ओळख पटवली. चुलतभावाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "म्हंजे जित्ताच हाय व्हय?" आवाजातली निराशा त्यालाही लपवता आली नाही. गाव मोठ्याने हसलं आणि पांगलं. बाईचा जीव आणि घर त्या हसण्याने वाचलं.

मग मी तिघांना तिच्या अंगणात बसवून जबाब घेतला. ड्रायव्हरने सगळं कबूल केलं. बायको ऐकत होती. तो "वारली असं सांगितलं" इथे आला तेव्हा तिने मान वर केली.

"मी?"

ती माझ्याकडे वळली.

"आवं सायेब, तुमी खून हुडकत व्हता न्हवं? सापडला की. मेलेली मी हाय." ती हसली, पण ते हसणं फार टिकलं नाही. मिस्त्रीकडे वळून म्हणाली, "ह्याचं सोड. तुला ठावं व्हतं?"

मिस्त्री म्हणाला, "तू मोडलं असतंस."

"व्हय, मोडलं असतं. म्हणूनच सांगायचं व्हतं."

नवव्या दिवशी दुपारी वरची बाई एकटी ठाण्यात आली. तीन एसट्या बदलून. अंगात अजून कणकण होती. खुर्चीवर बसायला तयार नव्हती. "मला ती बाई बघायची हाय," एवढंच म्हणाली. मी महिला शिपायासोबत तिला घेऊन गेलो. खरं तर ते माझ्या कामात बसत नव्हतं. वाटेत तिने विचारलं, तेव्हा त्या तिघांचं काय ठरलं होतं तेही सांगितलं.

दोघी समोरासमोर आल्या. मला वाटलं होतं, झिंज्या धरतील. घरच्या बाईने आधी पाणी दिलं. वरचीने तांब्या हातात धरला, प्यायली नाही.

"तुमास्नी माजं कवापासनं ठावं हाय?"

"पयल्यापासनं."

"मग तुमी मला कदी निरोप का न्हाई धाडला?"

"तुमास्नी माजं ठावं हाय असंच धरून चालले. तुमास्नी ठावं न्हाई हे मला ठावं न्हवतं, बाई."

वरच्या बाईने तांब्या खाली ठेवला. "तुमी तिघांनी बसून ठरवलंसा. माज्या घरात कोण यायचं, किती म्हैनं यायचं. समद्यांनी हो म्हटलं. मला कुणी इचारलंच न्हाई."

घरची बाई एक पाऊल पुढे आली. ती म्हणाली, "चुकलं." ते दोन पुरुष तिथेच बसलेले, त्यांच्यापैकी कोणाच्या तोंडून तो शब्द तोवर आला नव्हता.

मग वरची बाई माझ्याकडे वळली. "सायेब, कायद्यात माजं काई हाय का?"

मी सांगितलं. पहिलं लग्न लपवून दुसरं केलं तर कलम ४९५, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पण तक्रार तिने स्वतः कोर्टात करायची, आणि देवळातलं लग्न रीतसर झालं होतं हे शाबीत करायचं. ड्रायव्हर हे ऐकत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मला वाटतं त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"न्हाई. कोरटात न्हाई जायाचं मला. माजा जबाब घ्या."

"बाई, माणूस सापडला. अर्ज निकाली निघाला. आता जबाबाचं कारण नाही."

"मग तुमच्या कागदात तिघंच ऱ्हातील."

मी कागद काढला. तिने सांगितलं तसं लिहिलं, चार ओळी. तिला तिसरीपर्यंतची अक्षरओळख होती, सही केली. जबाब असा: "मला खरं सांगितलं असतं तर मी हो म्हटलं असतं का नाही, ते मला आता कळत नाही. कदाचित म्हटलं असतं. पण ते मी ठरवायचं होतं. ह्यापुढे हा माणूस माझ्या दारात येणार नाही." चारच्या एसटीने ती परत गेली. ड्रायव्हर फाट्यापर्यंत तिच्या मागे गेला आणि एकटा परत आला.

अहवाल वर पाठवला तेव्हा तो जबाब मी जोडला होता. वरिष्ठांनी समासात शेरा मारला: चौकशीशी संबंध नाही. मी तो काढला नाही. पुढच्या वर्षी माझी बदली रहिमतपूरच्या बाजूला झाली. त्या घरात नंतर काय ठरलं ते मला माहीत नाही. मिस्त्री कितीतरी दिवस दुकानातच झोपत होता, एवढं हवालदारांकडून कळलं.

माझी चूक शेवटी बरी ठरली असं म्हणायचा मोह होतो. मी तो टाळतो. मी शब्द मोडला होता, आणि एका आजारी बाईला ती गोष्ट परक्या माणसाच्या तोंडून, अशा वेळी कळली. ती कळायलाच हवी होती, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टींची वजाबाकी मला आजतागायत जमलेली नाही.

तो अर्ज येईपर्यंत अशा प्रकरणांत माझी नजर एकाच गोष्टीवर असायची: कोण कोणाबरोबर राहतं. त्यावरून माणसं चांगली की वाईट ते ठरवून मी मोकळा व्हायचो. एका बाईचे दोन पुरुष, एका पुरुषाच्या दोन बाया, हे आकडे मला पुरेसे वाटत. त्या अंगणातल्या तिघांचा ठराव मला आवडला की नाही, हे मी अजून सांगू शकत नाही. पण तो ठराव म्हणून टिकला असता, जर चौथीला त्यात बसवलं असतं. जे बिघडलं ते किती माणसं होती यामुळे बिघडलं नाही.

नंतरच्या नोकरीत घरगुती तक्रार आली की मी दोन्ही बाजूंना वेगवेगळं बसवून आधी एकच प्रश्न विचारायचो: "यातलं कोणाला माहीत नाही?" कोण कोणाबरोबर होतं, याचं उत्तर लोक झटकन देतात, कधी कधी चढवूनही देतात. या प्रश्नावर मात्र माणूस थांबतो, आणि बोलण्याआधी एकदा दाराकडे बघतो.